मी स्वतः खात्री देतो

"वहिनी, तुम्ही पुरुष कधी झालात? दादाला कल्पना आहे का?"

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत पोचून मी कोटाची बटणं लावत होते, तेवढ्यात नणंदेचा फोन आला. तिचे फोन असेच सुरू होतात. मी म्हटलं, "सरळ सांग बाई, माझे नमुने खोळंबलेत."

"सरळच सांगतेय. तुमचं पत्र आलंय. शुक्रवारचं आहे, मी आत्ता उघडलं. ऐका हं. 'आदरणीय ताई.' मी तुमची ताई? 'मी आपल्या पाण्याचा अहवाल पुन्हा एकदा पाहत होतो.' होतो! पुढे, 'आपल्या विहीरच्या पाण्यात.' विहीरच्या. एवढ्या शिकलेल्या बाईला विहिरीच्या म्हणता येत नाही?"

ती हसत होती. मी मोबाइल खांद्याशी धरून संगणक सुरू केला.

"शेवटी काय लिहिलंय?"

"शेवटी, 'काळजी करू नका, पण हयगय नको.' हे मात्र तुमचंच वाक्य. त्याच्या आधी, थांबा, 'हे यंत्र बसवल्यावर आपल्या घरचं पाणी लहान मुलांसाठीही पूर्ण सुरक्षित होईल, याची मी स्वतः खात्री देतो.' खाली तुमचं नाव, तुमचा हुद्दा. का हो वहिनी, आमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"चांगलंच आहे. खुशाल प्या. ते पत्र मी लिहिलेलं नाही."

"मग कुणी लिहिलं?"

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. कोणी लिहिलं ते मला 'विहीरच्या' ऐकलं तेव्हाच कळलं होतं.

आमची प्रयोगशाळा पिण्याचं पाणी तपासते. लोक विहिरीचं, बोअरचं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी बाटलीत भरून आणतात, आम्ही त्यांना आकडे देतो. आकड्यांचा कागद हातात पडला की माणूस घाबरतो तरी नाहीतर कपाटात टाकून विसरतो. म्हणून मी पहिल्यापासून अहवालासोबत चार ओळी लिहीत आले आहे. क्षार जरा जास्त आहेत, भांड्यांवर पांढरे डाग पडतील, पोटाला काही होणार नाही. टाकीचं झाकण बदला. असं. प्रयोगशाळेच्या खात्यावरून पाठवलेली पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायची, म्हणून मी माझ्या नावाचं खातं उघडलं आणि तिथून लिहायला लागले. लोक उत्तरं द्यायचे. एका गृहस्थांनी टाकीत बुडून मेलेल्या खारीचा फोटो पाठवून विचारलं होतं की आता हे पाणी मांसाहारी धरायचं का. मी त्यांना क्लोरीन किती टाकायचं ते लिहिलं आणि खाली, हो, सध्या तरी, असंही लिहिलं.

मालकांना आम्ही सर म्हणतो. ते स्वतः रसायनशास्त्राचे, माझं काम त्यांनीच मला शिकवलं. गेल्या वर्षी त्यांचे जावई प्रयोगशाळेत यायला लागले आणि आल्या दिवसापासून सगळ्यांचे जावईबापू झाले. बाटल्या धुणाऱ्या मावशींपासून सगळे त्यांना तोंडावर याच नावाने हाक मारायचे. त्यांना तो मान वाटायचा.

जावईबापूंनी दोन गोष्टी आणल्या. एक, पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीशी करार. दुसरी, एक टूल. ते आपल्याच ईमेलच्या खात्याला जोडायचं. मग एका शीटमध्ये नावं, पत्ते, पाणी कुठलं ते रकाने भरायचे, एक मजकूर लिहायचा आणि त्यात जागा सोडायच्या. बटण दाबलं की शीटमधल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने, त्याच्या पाण्याचा उल्लेख असलेलं वेगळं पत्र जातं. घेणाऱ्याला वाटतं, हे मलाच लिहिलंय.

"सगळ्यांना एकच पत्र," ते म्हणाले होते, "पण प्रत्येकाला वाटणार, मॅडम खास माझ्यासाठी बसल्या होत्या."

आमची जागा बदलली तेव्हा नवा पत्ता कळवायचा होता. त्यासाठी माझ्या खात्याला ते टूल जोडायला मी परवानगी दिली. तो मजकूर मी वाचला, एक स्वल्पविराम बदलला, पत्र गेलं. परवानगी मात्र तशीच राहिली. मला वाटलं होतं ती त्या एका पत्रापुरती आहे. तशी ती नसते.

आता मी माझ्या खात्यातली पाठवलेली पत्रं उघडली. शुक्रवारी संध्याकाळी, मी निघाल्यानंतर, ओळीने शेकडो. सगळी माझी. पहिलं उघडलं, दुसरं उघडलं. 'आपल्या टाकीच्या पाण्यात काही घटक.' 'आपल्या बोअरच्या पाण्यात काही घटक.' 'आपल्या विहीरच्या.' कोणते घटक, किती, काही नाही. ज्यांचं पाणी उत्तम आहे त्यांनाही तेच, ज्यांचं वाईट आहे त्यांनाही तेच. मग यंत्राचा फोटो, आठवड्याअखेरपर्यंत नोंदवल्यास सवलत, बसवणारा माणूस रविवारीही घरी येईल, आणि ती खात्री.

इनबॉक्समध्ये उत्तरं आली होती. धन्यवाद मॅडम, आजच नोंदवतो. मॅडम, आधी सांगितलं असतंत तर. मॅडम, तुमच्या शब्दावर घेतोय हं.

मी नावांच्या ओळीवरून खाली जात होते आणि एका नावापाशी माझा हात थांबला.

तिला मी कधी भेटले नव्हते. पोटात बाळ असताना तिने बोअरचं पाणी तपासायला पाठवलं होतं. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं होतं. बोअरच्या आजूबाजूला शेतं असली, जुने शोषखड्डे असले, की असं होतं. मोठ्या माणसाला त्याने सहसा काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाटलीत मात्र ते पाणी गेलं, तर त्याच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. ओठ आणि नखं निळसर पडतात. मी तिला लिहिलं होतं की बाळाला वरचं दूध द्यायची वेळ आली तर या पाण्यात कालवू नका. उकळू तर मुळीच नका, उकळल्याने पाणी उडतं आणि नायट्रेट मागे राहतं. साधं फिल्टर उपयोगाचं नाही. चौकातल्या सार्वजनिक नळाचं पाणी मी स्वतः तपासलं आहे, ते आणा. तिने उत्तर दिलं होतं की नवरा रोज कॅन भरून आणेल, तो कुरकुर करेल पण आणेल. बाळ झाल्यावर तिने कळवलं होतं: मुलगी, दूध पुरत नाही, बाटली सुरू केली आहे, नळाचंच पाणी वापरते.

जावईबापूंच्या यंत्रात कोळसा असतो आणि एक दिवा असतो. कोळशाने वास जातो, दिव्याने जंतू मरतात. नायट्रेट पाण्यात साखरेसारखं विरघळलेलं असतं. ते कोळशातून आणि दिव्याखालून जसंच्या तसं पलीकडे जातं.

तिला शुक्रवारी माझं पत्र गेलं होतं. लहान मुलांसाठीही पूर्ण सुरक्षित. मी स्वतः खात्री देतो.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. उचलला नाही.

जावईबापू त्यांच्या खोलीत होते. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी हसून खुर्ची पुढे केली.

"या मॅडम, मी तुम्हालाच बोलावणार होतो. ओपन रेट बघा. प्रयोगशाळेच्या नावाने पाठवलं की दहातले दोनही उघडत नाहीत. तुमच्या नावाने गेलं तर..."

"माझ्या नावाने तुम्ही पत्र पाठवलंत."

"तुमच्याच शैलीत. तुमची जुनी पत्रं बसून वाचली मी. काय लिहिता हो तुम्ही. ते 'हयगय नको' तर मी मुद्दाम ठेवलं."

मला राग आला की माझा आवाज खाली जातो. घरातले सांगतात की तेव्हा मी ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझी पत्रं वाचलीत."

"परवानगी आहे ना टूलला. म्हणजे तसं वाचणं नाही, संदर्भ म्हणून. आणि सगळी क्रियापदं बदलली मी, करतोचं करते, म्हणतोचं म्हणते. दोनतीन 'तो' राहून गेले वाटतं. तेवढं कोण बघतं? पुढच्या वेळी तुमच्याकडून नजरेखालून घालून घेऊ."

"ज्यांचं पाणी चांगलं आहे त्यांना तुम्ही घाबरवलंत."

"घाबरवलं कुठे, जागरूक केलं."

"आणि ज्यांचं वाईट आहे त्यांना सांगितलंत की आता घाबरू नका. त्या यंत्राने नायट्रेट जातं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांना नवा नव्हता, पण तो या खोलीत का आला ते त्यांना कळेना.

"कंपनीच्या माहितीपत्रकात नव्याण्णव टक्के अशुद्धी..."

"नायट्रेट जातं का?"

"ते तुमचं डिपार्टमेंट, मॅडम."

"मग त्यावर खात्री देताना माझ्या डिपार्टमेंटला विचारायचं होतं."

"अहो, एवढं काय मनावर घेता? चांगल्यासाठीच केलंय. तुमचंच नाव मोठं होतंय."

मी त्यांच्या टेबलावर हात आपटला नाही. आपटायला हवा होता असं अजून वाटतं. मी वळले आणि सरांकडे गेले.

सर चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचा चष्मा हळूहळू खाली आला.

"पाठवण्याआधी तुम्ही ते वाचलं होतं का, सर?"

"चाळलं होतं."

"लहान मुलांसाठीही, हे वाचलं?"

"तो म्हणाला, जाहिरातीची भाषा असते."

"मग जाहिरात करा. तुमच्या नावाने करा."

"माझ्या नावाने कोण उघडणार?" सर म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत, म्हणून मला आणखी राग आला. "हे बघ, एक घर आहे ना? तिथे जा, त्यांना समजावून ये. गाडी घेऊन जा. बाकीच्यांचं काही बिघडत नाही. गाळलेलं पाणी प्यायल्याने कुणाचं वाईट झालंय?"

"असं दुसरं घर नाही हे तुम्हाला माहीत आहे?"

"तू उगाच ताणते आहेस."

"सगळ्यांना खुलासा पाठवावा लागेल."

"ते आल्यावर बोलू. आधी जाऊन ये."

मी गाडी घेतली नाही. त्या गाडीच्या दारावर आता त्या यंत्राचं चित्र होतं. रिक्षा केली. नायट्रेट तपासायच्या पट्ट्यांची डबी कोटाच्या खिशात होती आणि कोट अंगावरच राहिला होता, हे मला अर्ध्या वाटेत कळलं. वाटेत दोनदा फोन लावला. दुसऱ्यांदा एका बाईने उचलला आणि "ती आंघोळीला गेलीय, बाळ झोपलंय, नंतर करा" म्हणून मी तोंड उघडायच्या आत ठेवून दिला.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार सासूबाईंनी उघडलं. कोट बघून त्या एकदम ओळखीचं हसल्या.

"तुम्ही त्या पाणीवाल्या बाई? या, या. अगं, बाहेर ये, पाणीवाल्या ताई आल्यात. बघायला पाठवलं होय तुम्हाला, नीट बसवलं का ते? काल दुपारीच बसवून गेला. पत्र आलं तसा मी मुलाला म्हटलं, लाव फोन. किती दिवस कॅन वाहणार? पाठ गेली त्याची."

यंत्र स्वयंपाकघरात ओट्याच्या वर होतं. पांढरं, चकचकीत, पुढे निळा दिवा. त्यावर प्लॅस्टिकचं संरक्षक कव्हर तसंच ठेवलं होतं, डाग पडू नये म्हणून. ओट्यावर बाळाची बाटली पालथी घातलेली होती.

"बाळाला या पाण्यातलं दूध दिलंत?"

"कालपासून तेच तर देतोय."

बाळाची आई, मुलगीच म्हणायची, आतल्या खोलीतून बाहेर आली. केस ओले, खांद्यावर पंचा. तिचं वय माझ्या अंदाजापेक्षा कमी होतं. मी नमस्कार करायला विसरले.

"बाळ कुठे आहे? मला बघू दे."

ती दारातून बाजूला झाली. बाळ बिछान्यावर झोपलं होतं. मी खिडकीचा पडदा सरकवला आणि उजेडात त्याचे ओठ पाहिले. मग हाताची नखं, मग पायाची. गुलाबी होती. मी पुन्हा पाहिली. झोपेतच बाळाने माझं बोट धरलं, ते मी सोडवून घेतलं.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"शुक्रवारचं पत्र मी लिहिलेलं नाही. यंत्राने नायट्रेट जात नाही. हे पाणी बाटलीत घालायचं नाही. मी आधी लिहिलं होतं तेच खरं आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "पण नाव तर तुमचंच होतं," त्या म्हणाल्या.

"माझ्या नावाने दुसऱ्याने पाठवलं."

"म्हणजे तुमच्या घरात कुणीही शिरून कुणालाही काहीही लिहितं?"

मी खिशातली डबी उघडली. पट्टी काढली, यंत्राच्या तोटीखाली भांडं धरून पाणी घेतलं, त्यात पट्टी बुडवून बाहेर धरली. त्या दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहून पाहत होत्या. पट्टीच्या टोकाचा पांढरा चौकोन आधी फिका, मग गडद गुलाबी झाला, डबीवरच्या शेवटच्या खुणेइतका. मी बोअरचा नळ सोडून दुसरी पट्टी बुडवली. तोच रंग. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांच्यात काही फरक नव्हता.

मुलगी बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिली.

"मी म्हटलं होतं ह्यांना," ती सासूबाईंकडे न बघता म्हणाली. "म्हटलं, ताईंनी आधी लिहिलं होतं की फिल्टर चालत नाही. तर म्हणाल्या, शिकलेली बाई आहे, नवीन काही कळलं असेल तिला."

"मग मी काय चुकीचं बोलले?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही." ती माझ्याकडे वळली. "तुमची पत्रं मी फोनमध्ये वेगळी ठेवलीयेत. आईलासुद्धा पाठवली. कुणी काही सांगितलं की मी म्हणायचे, ताईंना विचारते. आणि काल मी माझ्या हाताने बाटली भरली. तीनदा. रात्रीची धरून. तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हटलं नव्हतं."

"मला कसं कळणार ते? तुम्हीच सांगा. दोन्हीवर तुमचंच नाव. खालचं वाक्यसुद्धा तुमचंच. ह्याच्यातलं कुठलं तुमचं आणि कुठलं नाही, ते मी कशावरून ठरवायचं? आणि आत्ता तुम्ही आलात, ह्या तुम्हीच कशावरून?"

तिचा आवाज चढला तसं बाळ रडायला लागलं. ती आत गेली, त्याला उचललं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचं बरोबर होतं, आणि ते ऐकताना मला तिचा नाही, जावईबापूंच्या हसऱ्या तोंडाचा राग येत होता. मला तिला सांगायचं होतं की नणंदेला एका 'देतो'वरून कळलं. पण नणंद मला वीस वर्षं ओळखते. हिला मी फक्त लिहून माहीत होते.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. "मला वाटतं काही झालेलं नाही. पण माझ्या वाटण्यावर राहू नका."

बालरोगतज्ज्ञ गल्लीच्या टोकाला होते. त्यांनी बाळाला तपासलं, टाचेतून रक्ताचा थेंब काढून पांढऱ्या कागदावर टिपला आणि वाळू दिला. तसं झालं असतं तर तो चॉकलेटसारखा तपकिरी दिसला असता. तो लाल होता, लालच राहिला. आज दिवसभर लक्ष ठेवा, म्हणाले, आणि ते पाणी बंद. मग चष्म्यावरून पाहून विचारलं, "हे असलं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिने माझं नाव घेतलं नाही, मला वाचवलंही नाही.

"माझ्या नावाने गेलं," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर ती बाळाला घेऊन माझ्या पुढे चालत राहिली. चौकात तिचा नवरा नळावर कॅन भरताना दिसला. तिने वाटेत त्याला फोन केला असावा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नळाकडे पाहिलं.

प्रयोगशाळेत परतले तेव्हा जेवणाची वेळ होऊन गेली होती. कोट तसाच होता, त्याच्या बाहीला पट्टीचा गुलाबी डाग लागला होता. मी माझ्या जागेवर बसले, तेच टूल उघडलं, तीच शीट घेतली. टूलने विचारलं, नाव कोणत्या रकान्यातून घ्यायचं? मी ती जागा रिकामी ठेवली. टूलने पिवळ्या चौकटीत सूचना दिली की नाव घातल्यास पत्र अधिक आपुलकीचं वाटतं. मी चौकट बंद केली आणि लिहिलं:

हे पत्र सगळ्यांना एकदम जात आहे, म्हणून वर कुणाचंच नाव नाही. शुक्रवारी माझ्या नावाने तुम्हाला आलेलं पत्र मी लिहिलेलं नाही. त्यातली खात्री मी दिलेली नाही. त्या यंत्राने नायट्रेट जात नाही. तुमच्या पाण्याबद्दल मी याआधी जे लिहिलं होतं तेच खरं धरा. ते सापडत नसेल तर कळवा, मी पुन्हा पाठवते. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि पाणी बोअरचं किंवा विहिरीचं असेल, तर कळवत बसू नका, आत्ता फोन करा.

खाली माझा नंबर टाकला.

सर मागे येऊन उभे होते. कधीपासून ते माहीत नाही. त्यांनी पूर्ण वाचलं असावं, कारण ते बोलले तेव्हा शेवटच्या ओळीपासून बोलले.

"आत्ता फोन करा, म्हणजे दिवसभर फोनच घ्यावे लागतील."

"घेईन."

"बाळाचं काय झालं?"

"वाचलं."

"मग आता हे कशाला? बाळ ठीक आहे. कंपनी करार मोडेल. लोक म्हणतील, यांच्या खात्यातून कुणीही काहीही पाठवतं. उद्या अहवालावरही कोण विश्वास ठेवणार?"

"सकाळी एका बाईने मला हेच विचारलं. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं."

"तू हे पाठवलंस तर मला तुला ठेवता येणार नाही. मी धमकी देत नाही. मला खरंच ठेवता येणार नाही. घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की चष्म्याची काच डागाळली होती, मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला दया आली असती, आणि ती मला नको होती. तो माणूस आयुष्यभर तिसऱ्या दशांश स्थळावरून सहायकांना झापत आला होता. मी बटण दाबलं. स्क्रीनवर निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली.

ती पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. मग मी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन टूलची परवानगी काढून घेतली आणि पासवर्ड बदलला. सर त्यांच्या खोलीत गेले. दार त्यांनी हळूच लावलं.

उत्तरं लगेच यायला लागली. शुक्रवारचं खरं की आजचं, एकदा काय ते ठरवा. माझं नाव यादीतून काढा. आम्ही तक्रार करणार. एका पत्रात नुसतं 'लाज वाटायला हवी' एवढंच होतं, कुणाला ते लिहिलं नव्हतं. मी एकेक उघडून त्या माणसाचा जुना अहवाल शोधत होते आणि चार ओळी लिहीत होते. मधेच नणंदेचा मेसेज आला, आता बाई वाटताय. मी पुढचं पत्र उघडलं.

मोबाइल वाजला. सकाळच्या घरचा नंबर होता. सासूबाई होत्या.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"दोन्ही बऱ्या आहेत. धाकटी पितेय, थोरली रडतेय. तिला तुमच्याशी बोलायचं नाही, मी लावलाय फोन."

"पाणी?"

"नळाचं. तो दोन कॅन घेऊन आलाय आणि माझ्यावर डाफरतोय, जसं काही मीच ते पत्र लिहिलं. ते राहू दे. मला एक सांगा, हे भिंतीवरचं काढायला माणूस कधी येणार? कंपनीला फोन केला तर म्हणतात, प्रयोगशाळेशी बोला. तुमच्या पत्रावर लावलंय ना आम्ही. भिंतीला चार भोकं पाडलीत त्याने. आज यायला पाहिजे. मला ते डोळ्यासमोर नको."

"आजच येईल," मी म्हटलं.

"कशावरून?"

खरंच, कशावरून. मी फोन चालूच ठेवला. "थांबा, ठेवू नका," असं म्हणून उठले आणि जावईबापूंच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं. ते कुणाशी तरी बोलत होते. मी माझा मोबाइल स्पीकरवर टाकून त्यांच्या टेबलावर, त्यांच्या समोर ठेवला.

"यांच्याशी बोला," मी म्हटलं. "तुमच्या नावाने."